त्या रविवारचा खडा

बाई,

तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. तुमच्या मिस्टरांचा काल फोन आला होता. म्हणाले, मावशी, शाळेतल्या सगळ्यांकडून थोडं थोडं लिहून घेतोय, घरच्यांसाठी आणि शाळेसाठी एक पुस्तिका करायची आहे, तुम्हीही लिहा. मी म्हणाले, मी चौथी शिकलेली, खिचडी शिजवणारी. ती नोकरीसुद्धा कागदावर सुनेच्या नावावर आहे. ते म्हणाले, चालेल, तुम्हाला वाटेल ते लिहा.

तुम्ही किती चांगल्या होतात ते बाकीचे लिहितील. ते खरंच आहे, त्यात मी भर घालत नाही. मला एकच सांगायचं आहे. चार वर्षांपूर्वी जानेवारीतल्या पहिल्या रविवारी गजाच्या सावलीच्या टोकाला मी जो खडा ठेवला, तो सावली बघून ठेवला नव्हता. खोटा ठेवला होता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. मी विसरले नव्हते. सांगितलं नाही.

आता तो रविवार पुन्हा चार दिवसांवर आला आहे, आणि त्या खड्याचं गावात काय होऊन बसलं आहे ते तुम्हाला माहीत नाही. रविवारच्या आत मला काहीतरी ठरवायचं आहे. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही आमच्या शाळेवर जूनमध्ये आलात, पण माझी तुमची खरी गाठ पडली ती दिवाळीनंतर. एका सकाळी मी स्वयंपाकाच्या खोलीत आले तर खिडकीत खोबरेलाच्या तीन बाटल्या. एक आत, एक बाहेरच्या उन्हात, एक माझ्या चुलीजवळ.

"हे काय माझ्या खिडकीत?"

"मावशी, हात लावू नका. प्रयोग आहे. पोरं बघणार आहेत कुठली आधी पातळ होते."

"थंडीत खोबरेल गोठतंच. त्यात काय बघायचं?"

"का गोठतं?"

"थंडी हाय म्हणून."

"मग तुमच्या डब्यातलं गोडेतेल का नाही गोठलं? त्याला थंडी नाही का?"

मी डब्याकडे बघितलं. साठ वर्षं दोन्ही तेलं माझ्या घरात शेजारी शेजारी होती, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. मी म्हणाले, मला डाळ टाकायचीय, सरका. तुम्ही सरकलात, पण हसत सरकलात.

मग तुम्ही पोरांच्या ताटल्या मागायला लागलात. रात्रभर बाहेर ठेवायच्या. एक पटांगणात, एक लिंबाच्या झाडाखाली, एक पडवीत. सकाळी पोरं कानटोप्या घालून यायची, नाकं वाहत असायची, आणि ताटल्यांवर बोट फिरवून सांगायची, ही ओली, ही कोरडी. पटांगणातल्या ताटलीत दवाचं पाणी साचलेलं असायचं, झाडाखालची कोरडी. मी पुटपुटायचे की घासलेल्या ताटल्या पुन्हा घासाव्या लागतात. तुम्ही पोरांना सांगितलंत, ज्यानं ताटली ठेवली त्यानंच ती घासायची. त्या दिवसापासून माझी तक्रार संपली, पण पुटपुटणं मी चालू ठेवलं.

तोंडातून वाफ निघते तेही तुम्ही सोडलं नाहीत. पोरं काडी ओठात धरून विडी ओढल्यासारखी वाफ सोडायची. दुसरा एखादा मास्तर असता तर त्यानं दोन धपाटे घातले असते. तुम्ही आरसा आणलात. म्हणालात, ओढा विडी, आरशावर ओढा. मग आरसा पुसून बोटाला काय लागतं ते बघा. सगळ्या वर्गानं तासभर आरशावर विड्या ओढल्या.

घोंगडीचं मात्र मला लागलं. तुम्ही पाथर्डीहून स्कूटीवर डब्यातून बर्फ आणलात. भर थंडीत बर्फ आणणारी बाई म्हणून वाटेत लोक हसले असतील. तुम्ही माझी घोंगडी मागितलीत आणि पोरांना विचारलंत, एक खडा ताटलीत ठेवला आणि एक घोंगडीत गुंडाळला तर आधी कुठला वितळेल? मी दारातूनच सांगितलं, घोंगडीतला. घोंगडं गरम असतं, हे काय शाळेत शिकवायचं? सगळी पोरं माझ्या बाजूची झाली. खिचडी वाढायच्या वेळेला ताटलीत नुसतं पाणी होतं आणि घोंगडीतून पेरूएवढा बर्फ निघाला.

"आजी हारली! आजी हारली!"

"बर्फाचं काय सांगता? घोंगडं माणसासाठी असतं."

तुम्ही म्हणालात, "मावशी, घोंगडं गरम नसतं. ते आतलं आत ठेवतं. आत गार असलं तर गार, गरम असलं तर गरम."

"मग अंगावर घेतल्याबरोबर ऊब लागती ती कुठली?"

"तुमचीच."

"माझ्यात एवढी ऊब असती तर घोंगडं कशाला घेतलं असतं मी?"

तुम्ही इतक्या हसलात की खाली बसलात. हा वाद मी अजून सोडलेला नाही. तुम्ही मला पटेल असं उत्तर दिलं नाहीत आणि आता देणार नाही. पण त्या दिवशी पोरांसमोर हरल्याचा राग माझ्या मनात राहिला. हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

त्याच थंडीत तुम्ही झेंड्याच्या ओट्यापलीकडे कंबरेएवढा लोखंडी गज रोवून घेतला होतात, बुडाशी सिमेंट घालून. रोज दुपारी साडेबाराला एक पोरगं घड्याळ बघायचं, एक सावलीच्या टोकाला खडा ठेवायचं, एक टेप धरायचं, एक लिहायचं. मग वर्गातल्या भिंतीवरच्या चौकटीच्या कागदावर त्या दिवसाचा एक ठिपका. आज सावली लांब झाली की ठिपका वर, आखूड झाली की खाली. मला वाटायचं, सावली ती सावली, तिचं काय मोजायचं. पण रोज ठिपका जरासा वर चढायचा आणि पोरं आरडाओरडा करायची, तेव्हा मीही हात पुसत दारात यायचे.

रविवारी शाळा नसते आणि माझं घर शाळेच्या भिंतीला लागून. तुम्ही म्हणालात, "मावशी, रविवारचा खडा तुमच्याकडे. मोजायचं नाही, लिहायचं नाही. साडेबाराला टोकाला खडा ठेवायचा, सोमवारी पोरं येऊन मोजतील."

मला घड्याळ कळतं का, असं तुम्ही विचारलं नाहीत. ते मला आवडलं होतं. हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

नाताळच्या सुमाराला ठिपके वर चढायचे थांबले. चार-पाच दिवस एका रेघेत राहिले. तुम्ही पोरांना म्हणालात, आता सावली मागं फिरणार, दिवस मोठा व्हायला लागला.

मी पातेलं उतरवत होते. तिथूनच म्हणाले, "दिवस संक्रांतीला फिरतो. अजून तीन आठवडे हायेत."

"संक्रांतीला नाही मावशी, आत्ताच फिरलाय. बघत राहा."

"माझी आई, तिची आई, समद्या खोट्या?"

"खोट्या कशाला? त्यांनी गज नव्हता रोवला."

पोरांनी लगेच दोन बाजू केल्या. अर्धी बाईंची, अर्धी आजीची. जी बाजू हरेल तिनं दुसरीला बोरं द्यायची असं ठरलं. ठिपके खाली यायला लागले, पण इतके थोडे की माझ्या बाजूची पोरं म्हणायची, तुमचा टेप वाकडा धरला. मला मात्र दिसत होतं. मी हरत होते, पुन्हा.

मग तो रविवार आला. आमच्या रानात कांद्याची लागण होती. बाया मिळतच नव्हत्या, मिळाल्या त्या त्याच दिवशी. साडेबारा वाजलेले मला कळले. सुनेच्या मोबाईलवर मीच बघितलं. शाळा पाव तासावर. पण मी उठले असते तर बाया बांधावर गप्पा मारत बसल्या असत्या, म्हणून मी वाफ्यातून पाय काढला नाही. तीन वाजता आले. तेव्हा सावली उगवतीकडे तिरकी होऊन लांब पसरली होती, तिचा काही उपयोग नव्हता.

खडा हातात घेऊन मी उभी राहिले. मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली, म्हणजे सावली वाढलेलीच असणार. मी बघायला नव्हते एवढंच. जे असणारच ते ठेवलं तर त्यात खोटं काय? शनिवारच्या खुणेपुढे मी चार बोटं मोजली आणि खडा ठेवला. एक बोट ठेवलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मला जिंकायचं होतं.

सोमवारी पोरं नाचली. वाढली, वाढली, आजीचं खरं झालं. तुम्ही टेप स्वतः लावून बघितलात आणि माझ्याकडे आलात. मी तांदूळ धूत होते.

"मावशी, काल साडेबाराला तुम्ही स्वतः ठेवला खडा?"

"व्हय."

"नंतर कुणी हलवला नसेल ना? शेळी, कुत्रं, कुणी पोर?"

तुम्ही दार उघडून दिलं होतंत. नुसतं शेळीचं नाव घेतलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणाले, "शेळीबिळी काय न्हाई आली. मी बघितलं म्हणते ना."

वर्गात एक पोरगा खोडरबर घेऊन उभा होता. बाई, हा ठिपका चुकलाय, खोडू का? तुम्ही त्याच्या हातातून रबर काढून घेतलंत. म्हणालात, "बघणाऱ्यानं बघितलंय. आपल्याला पटत नाही म्हणून खोडायचं नाही." आणि त्या ठिपक्याशेजारी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलंत. त्याच दुपारी सावली पुन्हा आपल्या जागेवर होती. मी म्हणाले, मग रविवारीच तेवढी वाढली असंल. माझ्या बाजूच्या पोरांनी बोरं मागितली, तुमच्या बाजूच्यांनी दिली नाहीत, आणि मधल्या सुट्टीत मारामारी झाली.

तुम्ही स्वस्थ बसला नाहीत. दोरीला दगड बांधून गज सरळ आहे का ते बघितलंत. बुडाशी सिमेंट हललंय का ते बघितलंत. नगरला कुणाला तरी फोन केलात, तुमच्याबरोबर शिकलेलं कुणी असेल. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही म्हणालात ते आलं. "नाही हो, मावशी त्यातल्या नाहीत. तांदळातली अळी दिसते त्यांना, सावली चुकणार नाही."

मी भांडी घासत होते. घासत राहिले.

पुढच्या वर्षी जानेवारी लागला तसं तुम्ही पोरांना म्हणालात, मागच्या वर्षी या रविवारी सावली अचानक वाढली होती. पुन्हा वाढते का बघायला कोण कोण येणार? सगळी आली. रविवार असून पहाटे आली, शाली गुंडाळून. ताटल्या आदल्या संध्याकाळीच मांडल्या होत्या. दव बघितलं, तेल बघितलं, आरशावर वाफ सोडून झाली, मग उन्हाला बसली. पोरांबरोबर आया आल्या. सगळ्यांचं खाणं म्हणून मी शेंगोळे केले, हुलग्याच्या पिठाचे, लसूण घालून झणझणीत. साडेबाराला सगळे गजाभोवती गोल करून उभे राहिले. सावली जिथं असायची तिथंच होती. तुम्ही ठिपका काढलात आणि पोरांना म्हणालात, "या वेळी नाही वाढली. पण एकदा वाढली होती, आजींनी पाहिली होती. आपण बघत राहू."

त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही. दर वर्षी तुम्ही तेच वाक्य म्हणायचात आणि मी शेंगोळ्याच्या पातेल्यात पळी फिरवत असायचे.

सांगायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. गेल्या पावसाळ्यात तुम्ही खिचडीची चव बघायला आला होतात, तेव्हा मी म्हणाले, "बाई, त्या रविवारचं काय धरून बसता? माझीच नजर चुकली असंल." तुम्ही म्हणालात, "तुम्ही आता माझ्या समाधानासाठी बोलू नका. पाहिलंत ते पाहिलंत." यावर मी काय बोलणार होते? बोलता आलं असतं. 'बाई, मी तिथं नव्हतेच,' एवढंच बोलायचं होतं. मीठ जास्त झालंय का, असं विचारलं मी.

सून म्हणते, बाईंना कळलंच असणार, हुशार बाई होत्या, तुमची अब्रू राखली. असं मानलं तर मला सोपं जाईल. पण ते खरं नाही. शंका आली असती तर तुम्ही विचारलं असतं, तीन-तीनदा विचारलं असतं. मनात एक ठेवून तोंडावर दुसरं बोलणं तुम्हाला येत नव्हतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि तो चुकीच्या ठिकाणी ठेवलात, एवढंच आहे.

आता गावातलं सांगते. तुमची बातमी आली त्या दिवशीही पोरांनी साडेबाराला सावली मोजली. रडत मोजली, पण मोजली. शाळेतले दुसरे सर म्हणाले होते, आज राहू द्या. चौथीतली ईश्वरी म्हणाली, बाईंनी सांगितलंय एक पण दिवस सोडायचा नाही. इथवर ठीक होतं. मग परवा तिची आई, शोभा, माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"मावशी, रविवारी गजाला हार घालायचं ठरवलंय आमी. हळदीकुंकू वाहू, नारळ फोडू. बाईंचा जीव हुता त्या गजात."

"लोखंडाला कशाचं हळदीकुंकू?"

"असं काय बोलता? बघा तुमी, ह्या टायमाला सावली वाढती का न्हाई. बाई गेल्यात, काय तरी खूण देतीलच. पोरं बी तेच म्हणत्यात."

"कोणी सांगितलं वाढती म्हणून?"

"कोणी म्हणजे? तुमालाच तर दिसली हुती. दुसऱ्या कोणाला न्हाई दिसली, तुमालाच. म्हणून तर नारळ तुमच्या हातनं फोडायचा."

बाई, तुम्ही ज्या गजाशी पोरांना मोजायला शिकवलंत त्याचा देव व्हायची वेळ आली आहे, आणि पुजारीण मी. ज्या वर्षी ती सावली 'वाढली' त्या वर्षीची पोरं केव्हाच तिसगावच्या हायस्कूलला गेली. आताच्या पोरांनी नुसतं ऐकलंय. ऐकलेलं चमत्कारासारखं वाढत गेलं. रविवारी सावली जागेवरच राहणार आहे. मग पोरं काय म्हणतील? बाईंनी खूण दिली नाही, बाई रागावल्या? की कुणी माझ्यासारखं चार बोटं पुढे खडा ठेवील?

सून म्हणते, उकरू नका, बाई गेल्या. त्या दिवशी मी रानातून उठले नव्हते हे बायांनीही बघितलं, पण त्याचा खड्याशी संबंध माहीत असलेली सून एकटीच आहे. ती कुणाला सांगायची नाही. म्हणजे मीच सांगितलं तर.

इथपर्यंत बुधवारी लिहिलं होतं. आज रविवार आहे, संध्याकाळ.

काल शनिवारची सकाळची शाळा. परिपाठाला मी पुढे गेले. सरांना म्हणाले, मला बोलायचंय. सरांना वाटलं तुमच्याबद्दल दोन शब्द बोलणार. त्यांनी पोरांना हात बांधून बसवलं.

मी म्हणाले, "पोरांनो, त्या वर्षी सावली वाढली नव्हती. मी बघितलीच न्हाई. मी कांद्याच्या रानात हुते. तीन वाजता येऊन मनानंच खडा ठेवला."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग ईश्वरी उभी राहिली.

"आजी, तुम्ही बाईंना खोटं सांगितलं?"

"व्हय."

"बाईंनी विचारलं होतं तरी?"

"दोनदा विचारलं. दोनदा खोटं सांगितलं."

तिचा चेहरा लाल झाला. "मग पहिलीपासून दर वर्षी आम्ही थंडीत उगाचच आलो?"

तिसरीतला समर्थ मागून म्हणाला, "उगाच कसं? शेंगोळे खाल्ले की." दोन पोरं हसली, ईश्वरी नाही हसली. ती भिंतीवरच्या त्या जुन्या कागदाजवळ गेली. सर म्हणाले, खोडून टाकूया का तो ठिपका? तेवढ्यात पोरांत कालवा झाला. एक म्हणे खोडायचाच, खोटा आहे. दुसरं म्हणे बाई ओरडतील. तिसरं म्हणे बाई आता कशा ओरडतील. शेवटी ईश्वरीनं पेन मागितलं आणि तुमच्या लाल प्रश्नचिन्हाखाली बारीक अक्षरात लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. "या दिवशी सावली कोणी पाहिली नाही. आजी कांद्याच्या रानात होत्या." अक्षर चांगलं आहे तिचं. खाली तिनं कालची, म्हणजे शनिवारची तारीख घातली, कारण लिहिलं की तारीख घालायची हे तुम्ही लावलेलं वळण.

संध्याकाळी मी शोभाकडे गेले, तिलाही सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "तुमी बी ना मावशी. एवढी वर्सं गिळलं, अजून चार दिस गिळायचं हुतं. बायांना काय सांगू मी आता?" मी म्हणाले, मी सांगितलं तेच सांग. आज नारळ कुणी आणला नाही. हारही नाही. बायाही कमीच आल्या, दोघी तर मला बघून तोंड फिरवून गेल्या. पोरं मात्र सगळी आली. पहाटे आली, ताटल्यांवर बोटं फिरवली, तेलाच्या बाटल्या उलट्या करून बघितल्या. माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. मी शेंगोळे केले.

साडेबारा व्हायला आले तशी मी सवयीनं गजाकडे निघाले. ईश्वरी आडवी आली.

"आजी, तुम्ही मागं थांबा."

सर तिला काही बोलायला गेले, मी हातानं नको म्हटलं आणि मागं थांबले. तिनं खड्याला एक पोर ठेवलं होतं, आणि खडा बरोबर टोकाला आहे का ते बघायला दुसरं. घड्याळाला दोन. टेपाची दोन टोकं दोघांच्या हातात. तुम्ही सगळ्याला एकेक ठेवायचात, तिनं सगळ्याला दोन दोन ठेवले. सावली जिथं असायची तिथंच होती. कुणी ओरडलं नाही, कुणी हिरमुसलं नाही. समर्थ म्हणाला, चला खायला.

"थांब," ईश्वरी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आता तुम्ही बघा. टेप तसाच आहे."

मला खाली बसायला वेळ लागतो, गुडघे धरतात. पोरं थांबली. मी बसले, चष्मा पुसला, सावलीचं टोक बघितलं, खडा बघितला, टेपावरचा आकडा बघितला. टोक कडेला जरा पुसट असतं हे मला आजच कळलं. मी आकडा मोठ्यानं वाचला.

ईश्वरीच्या हातात पेन्सिल तयार होती. तिनं तो लिहिला नाही. माझ्या शेजारी वाकली, टेप स्वतः बघितला, आणि मग लिहिला.